सुपडूआप्पांचा मळा

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं लागतात. लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने, बंद होतात आणि माणसं फराळाचे डबे काखोटीला मारून नंदुरबार, धुळे, जळगावकडे निघतात. सुपडूआप्पांच्या दारालाही कुलूप लागतं, पण त्यांच्या कुलपाखाली पुठ्ठ्याची एक पाटी टांगलेली असते. तिच्यावर खडूने अहिराणीत लिहिलेलं असतं, ‘मळामा गयेल शे. सांजले येसू.’

सुपडूआप्पांना मळा नाही. मळा सोडा, गावाकडे त्यांच्या नावावर बोरीचं झाडसुद्धा नाही. त्यांच्या वडिलांच्या नावावरही नव्हतं, म्हणून तर ते सुरतेला आले. पण ‘आप्पा, तुमचा मळा कुठे?’ असं कोणी विचारलं की ते बोटांवर मोजून दाखवतात. समुद्राच्या वाटेवरचा तलाव एक. बारडोलीकडे जाणाऱ्या कालव्याचे दोन्ही काठ. तापीचा किनारा, अगदी जुन्या पुलापर्यंत. आणि मांडवीच्या पलीकडचं सागाचं जंगल, पण ते जरा लांब पडतं, तिथे वर्षातून दोनदाच जाणं होतं. हे सगळं सरकारचं आहे असं म्हणून बघा. आप्पा तुमच्याकडे अशा नजरेने बघतात की आपण वर्गात मागच्या बाकावर बसलोय असं वाटतं.

“सरकारनं म्हणजे कोननं? सरकार काय तठे झोपाले जास का? आपलंच ना.”

हे ‘आपलंच ना’ त्यांच्या तोंडात पानासारखं कायम असतं. त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी शिरपूरकडचे सोयरे मुलगा बघायला आले आणि रीतीप्रमाणे त्यांनी मळा किती ते विचारलं. आप्पांनी त्यांना उठवलं, सिटी बसमध्ये घातलं आणि तलावावर नेलं. सोयऱ्यांनी पाण्यातली कमळं बघितली, बदकांचे थवे बघितले आणि एवढ्या पाखरांना दाणा कोण घालतं म्हणून काळजी केली. येताना बसमध्येच आप्पांच्या बायकोने, म्हणजे जिजीने, खरं काय ते सांगून टाकलं. सोयरे दोन स्टॉप गप्प बसले, तिसऱ्या स्टॉपला हसायला लागले आणि लग्न ठरलं. मुलगा-सून आता भेस्तानला असतात. सासऱ्यांचा मळा म्हणजे नक्की काय, ते सुनेने अजूनही माहेरच्या बायकांना सांगितलेलं नाही.

मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत एकोणीस वर्षं शिकवते आहे. तरी गोडादऱ्यात कोणी ‘मास्तर कुठे राहतात?’ विचारलं की लोक त्याला आप्पांच्या दारात नेऊन उभं करतात. लूमच्या खात्यात जो बिघडलेली मशीन लावतो, सुताचा बीम चढवतो, कारिगरांच्या चुका काढतो, तो मास्तर. माझे वडील याच मास्तरांच्या हाताखाली कारीगर होते. त्यामुळे मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून आप्पा मला ओळखतात, आणि अजूनही सकाळी मी शाळेला निघाले की “कशी शे माय?” असं एवढ्या मोठ्याने विचारतात की माझी खुशाली तीन गल्ल्यांना कळते.

मोठ्याने बोलणं हा त्यांचा स्वभाव नाही, ती खात्याची देणगी आहे. शंभर लूम एकदम धडधडतात तिथे तोंडाने बोलण्यात अर्थ नसतो. खात्यात माणसं हाताने बोलतात. दोन करंगळ्या एकमेकींत अडकवून ओढून सोडवल्या की तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली. मनगटावर दोन बोटं आपटली की पाळी संपली. आणि पोटासमोर हवेत मोठं गोल काढलं की सेठ आला, माना खाली घाला. माझे वडील घरातही असंच बोलायचे. आई रागावली की ते मला लांबूनच पोटावर गोल करून दाखवायचे. मी बाराखडीच्या आधी ही भाषा शिकले.

आप्पांनी हीच भाषा रानात नेली. दिवाळीत ज्यांना गावी जाणं जमत नाही असे पाच-सात कारीगर ते बरोबर घेतात आणि पहाटेच्या बसने मळ्यात जातात. नियम एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. शहरातली शिकलेली माणसं जंगलात जातात आणि ‘शूऽऽ, गप्प बसा’ असं एकमेकांना ओरडून सांगतात. आमच्या माणसांना गप्प बसून बोलायची तीस-तीस वर्षांची सवय. मी एकदा शाळेतल्या शिक्षकांची सहल आणि एकदा ही कारिगरांची सहल अशा दोन्ही सहलींना त्याच तलावावर गेले आहे. शिक्षकांना तीन बगळे दिसले. कारिगरांना काय काय दिसलं ते सांगायला गेले तर शिक्षकांचा अपमान होईल.

पाखरांची नावं आप्पांनी आपल्या पद्धतीने ठेवली आहेत. पाण्यावर लूमच्या धोट्यासारखा इकडून तिकडे सुसाट जाणारा काळा-पांढरा खंड्या म्हणजे ‘धोटा’. दिवसभर मान खाली घालून पाण्यात काहीतरी करत राहणारी, कपाळावर पांढरा टिळा असलेली काळी पाखरं, पुस्तकात ज्यांना चांदवा म्हणतात, ती ‘कारीगर’. आणि खाडीच्या चिखलात एकेक पाय जपून उचलत चालणारा गुलाबी रोहित पक्षी म्हणजे ‘सेठाणी’, कारण सेठची बायको दिवाळीच्या पूजेला खात्यात आली की तेलकट फरशीवरून अशीच चालते. सगळ्यांना हाताच्या खुणा आहेत. टिटवीची खूण म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट, कारण टिटवीच्या डोळ्यापाशी लाल मांसाची लोळी असते.

या खुणांनी एकदा घात केला. कालव्याच्या काठाने आम्ही चाललो होतो. बारडोलीकडे दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते आणि उसात दडलेले बिबटे बाहेर पडतात, हे ऐकून होतो. आप्पा सर्वांत पुढे होते. ते एकदम थांबले, मागे वळले आणि त्यांनी पोटासमोर मोठं गोल काढलं. बिबट्याची खूण तोवर ठरलेली नव्हती, म्हणून त्यांनी सुचली ती, सर्वांत मोठ्या धोक्याची खूण केली. झालं. सातच्या सात कारिगरांनी माना खाली घातल्या आणि हात कामाला लावले. एकजण गवत उपटायला लागला, एकजण पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला. मी कारिगराची पोर, मीसुद्धा चपलेचा अंगठा निरखत उभी राहिले. सेठ गेला असेल अशा अंदाजाने आम्ही माना वर केल्या तेव्हा उसाचे शेंडे तेवढे हलत होते.

आप्पा आठ दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. “जिंदगीमा एकदाव बिबट्या समोर उना, आन् तुम्हीन मुंड्या खाले घालीसन उभा राह्यनात,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना बिबट्या एकट्याला दिसला याचा आनंद नव्हता, तो आम्हाला दाखवता आला नाही याचं दुःख होतं. आपल्या मळ्यातला आंबा पाहुण्यांना न खाता परत जावं लागलं तर शेतकऱ्याला जसं वाटेल तसं.

थंडीची चाहूल लागली की तापीवर कुरव येतात, म्हणजे सीगल, पांढरेशुभ्र, शेकड्यांनी. सुरतेची माणसं हौशी. गांठियाचे पुडे घेऊन काठावर जातात आणि मूठ मूठ गांठिया हवेत उडवतात, कुरव ते वरच्या वर टिपतात. आप्पा हे बघू शकत नाहीत. ते त्या लोकांपुढे जाऊन उभे राहतात आणि अहिराणी, गुजराती आणि हातवारे असं मिळून एक भाषण करतात. एवढ्या लांबून, बर्फाच्या मुलखातून हे पाखरू आलं, ते काय तुमच्या बेसनासाठी? त्याला मासा खाऊ द्या. बहुतेक लोक ओशाळतात आणि हातातला पुडा आप्पांनाच देऊन टाकतात. आता अन्न फेकायचं नाही हा खान्देशी संस्कार. आप्पा तिथेच बसून पुडा संपवतात. त्यामुळे दिवाळी ते होळी त्यांना आम्लपित्ताचा त्रास असतो आणि तो त्रास त्यांनी पाखरांसाठी अंगावर घेतलाय असं ते डॉक्टरला सांगतात.

त्यांचा मळ्यातला पोशाखही बघण्यासारखा. रंग न दिलेल्या कोऱ्या कापडाला सुरतेत ग्रे म्हणतात. त्या ग्रेच्या तुकड्यातून शिवलेला सदरा आणि लेंगा, रंग वाळलेल्या चिखलाचा. रविवारच्या बाजारातून आणलेली दुर्बीण, जिची एक बाजू फुटलेली आहे. फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. आणि कापडाच्या पिशवीत एक लांबोडी वही. ती मात्र ते कोणाच्या हातात देत नसत.

हा मळा आप्पांनी आणि जिजीने मिळून शोधला. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका दिवाळीला त्यांची गावाकडची गाडी चुकली. घरी बसून करायचं काय, म्हणून दोघं सिटी बसमध्ये बसली आणि शेवटच्या स्टॉपला उतरली. पुढे रस्ता संपून तलाव सुरू होत होता. जिजी घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायची, आप्पा खात्यात. दोघांनी सुरत पाहिली ती एवढीच. त्या दिवशी ती दोघं संध्याकाळपर्यंत तलावाचं पाणी सोडायच्या मोरीपाशी एका दगडावर बसून राहिली. परत आल्यावर जिजीने माझ्या आईला सांगितलं की इतकं मोठं आणि कोणी हाकलत नाही. पुढची गाडी त्यांनी कधी धरलीच नाही. दर दिवाळीला दोघं मळ्यात, मागून आम्ही कारीगर मंडळी. खुणांनी बोलणारी ती जोडी मी कॉलेजात असताना पुष्कळदा मागून चालत पाहिली आहे. आप्पा दाखवायचे आणि जिजी मध्येच थांबून त्यांचा हात हातात घ्यायची. मला तेव्हा ते नवरा-बायकोचं काहीतरी वाटायचं आणि मी दुसरीकडे बघायचे.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जिजी गेली. त्याही दिवाळीला पाटी लागली.

गेल्या दिवाळीच्या आधी आप्पा माझ्या घरी आले. गल्लीतले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात, गॅसचे, रेशनचे, पोरांच्या शिष्यवृत्तीचे. आप्पांचा फॉर्म निराळा होता. वन खात्याने तलावावरच्या पक्ष्यांची मोजणी ठरवली होती आणि त्यासाठी माणसं हवी होती. निवड झाली की हिरवी टोपी मिळणार होती आणि दोघादोघांच्या जोड्या पाडून तलावाचा एकेक भाग देणार होते.

मी म्हटलं, आप्पा, ही कॉलेजच्या मुलांची कामं. तुम्हाला कशाला हवं? त्यावर ते म्हणाले, मळा माझा, मग गुरं मोजायला दुसरा कशाला. हे त्यांच्या स्वभावाला धरून होतं, मी हसले आणि लिहायला लागले. थोड्या वेळाने ते हळू, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, म्हणाले,

“एक पाखरू शे, माय. दोन वरीस व्हयनात, मना वहीमा येत नही. ते येस का नही, तेवढं माले देखनं शे.”

कोणतं पाखरू, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, दुर्मिळ असेल.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, पक्षी आवाजावरून ओळखता येतात का. मी पेन थांबवलं. पस्तीस वर्षं लूममध्ये काढलेल्या माणसाचे कान किती शिल्लक असतात ते मला माझ्याच घरातून माहीत होतं. वडील शेवटी शेवटी कुकरची शिट्टी वाफ बघून मोजायचे. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, “हो लिख.” मी हो लिहिलं. वर्गात पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगते आणि घरी हे धंदे.

अनुभवाचा पुरावा म्हणून त्यांनी पहिल्यांदाच ती वही माझ्या हातात दिली. मी शिक्षिका आहे, वह्या पुष्कळ पाहिल्या आहेत, पण अशी नाही. पंचवीस वर्षांचा शरद ऋतू त्या वहीत होता. तारीख, जागा, पाखरू, किती, आणि शेवटचा रकाना ‘आवाज’. त्या रकान्यात अक्षरं नव्हती. ठिपके होते आणि बारीक रेघा. दोन ठिपके, एक रेघ. एक ठिपका, मोकळी जागा, तीन ठिपके. पानामागून पानं तशीच. आणि शेवटच्या दोन वर्षांत तो रकाना कोरा होता. हे काय, असं मी विचारलं. पेनातली शाई संपली होती, असं आप्पा म्हणाले. शाई त्याच ओळीतल्या बाकीच्या रकान्यांना कशी पुरली, ते मी विचारलं नाही.

देवदिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी आम्ही तलावावर गेलो. सोबत म्हणून मी. गवतावर दव होतं आणि उन्हाला अजून धार आली नव्हती. गळ्यात मोठमोठे कॅमेरे अडकवलेली कॉलेजची मुलं-मुली जमली होती. त्यांच्या मध्ये आप्पा ग्रेचा सदरा घालून, एका डोळ्याची दुर्बीण छातीवर घेऊन ताठ उभे होते. आपल्या मळ्यात पाहुणे आलेत तेव्हा नीट वागलं पाहिजे, असा त्यांचा चेहरा. एका मुलीने त्यांना तलावाचा रखवालदार समजून पाण्याचा नळ विचारला. त्यांनी तिला नळापर्यंत नेऊन सोडलं.

वन खात्याच्या अधिकारी तरुण गुजराती बाई होत्या, सगळे त्यांना बहेन म्हणत होते. त्यांनी छोटीशी परीक्षा ठेवली होती. त्या मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावत आणि समोरच्याने नाव सांगायचं. मुलं पटापट सांगत होती. आप्पांची पाळी आली. बहेननी मोबाइल वर धरला. पहिलाच आवाज टिटवीचा होता, शेंबडं पोरही सांगेल असा. आप्पा बहेनच्या ओठांकडे बघत राहिले, पण ओठ हलत नव्हते, मोबाइल बोलत होता.

आणि मग मी ते केलं जे करताना एकोणीस वर्षं मी मुलांना पकडत आले आहे. बहेनच्या मागे उभी राहून मी डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

आप्पांनी ते पाहिलं. त्यांना न दिसणारं काही नसतं. त्यांना फक्त ‘टिटवी’ म्हणायचं होतं आणि पहिला गड सर होता. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि बहेनकडे वळले.

“बेन, मने संभळातुं नथी,” ते म्हणाले. मला ऐकू येत नाही. “पांत्रीस वरस लूम पर काढ्यां. फॉर्ममा खोटुं लख्युं छे, माफ करजो.”

मला माझ्या बोटाची इतकी लाज वाटली की मी ते पदराखाली घेतलं. आणि त्याच वेळी माझ्या वडिलांच्या मास्तरांबद्दल मला जो अभिमान वाटला, तो कोणत्या रकान्यात लिहायचा ते मला अजून कळलेलं नाही.

बहेननी समजूतदारपणे सांगितलं की काका, या मोजणीत गवतात दडलेले पक्षी आवाजावरूनच मोजावे लागतात, तुम्ही इथे बाकावर बसा, आम्ही येईपर्यंत थांबा. आप्पा बाकावर बसले. दुर्बीण पिशवीत ठेवली. मुलांच्या जोड्या पडायला लागल्या. दोन मिनिटं झाली असतील नसतील, आप्पा उठले, बहेनपाशी गेले आणि त्यांनी समोरच्या गवताकडे बोट केलं. तिथे काही नव्हतं. वाळकी, पिवळी, उभी पाती, हजारांनी. मुलांनी कॅमेरे लावले. काही नव्हतं. आप्पा म्हणाले, सगळी पाती वाऱ्याने डावीकडे झुकताहेत, एक झुकत नाही. बघा.

त्या न झुकणाऱ्या पात्याला डोळा होता. तापस बगळा होता तो, अंगावर गवताचेच पट्टे, चोच आभाळाकडे करून काडी होऊन उभा. ताण्याच्या हजारो उभ्या तारांतली एक ढिली तार चालत्या लूमवर शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एवढं दिसणारच. पण मुलांनी “वाह काका” म्हणून कॅमेरे सोडून आप्पांकडे बघितलं तेव्हा माझी मान आपोआप वर झाली. बिबट्याच्या वेळी खाली गेली होती, तिची भरपाई झाली.

बहेननी बराच वेळ दुर्बिणीतून बगळा पाहिला. मग त्यांनी विचारलं, काका, तुमच्या जोडीला कानाने ऐकणारं कोणी आहे का? असलं तर मी तुम्हाला घेते.

आप्पा म्हणाले, “हती, बेन.”

होती. एवढंच म्हणाले, आणि पिशवी खांद्याला लावायला लागले. तेव्हा मला त्या वहीतले ठिपके कळले. जिजी वाटेत थांबून त्यांचा हात का धरायची ते कळलं. आणि हा माणूस हिरव्या टोपीसाठी आला नव्हता, जोडीसाठी आला होता, हेही कळलं. दोन दिवाळ्या, कारीगर पुढे गेले की, तो दगडावर एकटा बसला असेल, आणि शेजारी येऊन जरा ऐकता का, असं कोणाला म्हणायची त्याला लाज वाटली असेल. अगदी मलासुद्धा विचारायची.

मी पुढे झाले आणि म्हटलं, मी आहे. मला पक्ष्यांची नावं येत नाहीत, पण ऐकू चांगलं येतं, आणि यांची भाषा मला येते.

बहेननी दोन टोप्या दिल्या. आप्पांनी टोपी घातली, काढली, आतून बघितली, पुन्हा घातली. आम्हाला मोरीकडचा भाग मिळाला. तो आप्पांनी मागून घेतला.

तीन तास आम्ही मोजलं. आप्पा खुणा करत होते आणि मी लिहीत होते. धोटे चार, कारीगर इतके की ते माझ्यावर रागावले, कारण मी अंदाजाने लिहायला निघाले होते. शेवटी आम्ही मोरीपाशी त्या दगडाजवळ आलो. दगडावर दोघांची जागा होती. आप्पा एका कडेला बसले, दुसरी कड त्यांनी सवयीने झटकली. समोर बोरूचं दाट बेट होतं, माणसाहून उंच. ते म्हणाले, यात एक पाखरू येतं. थंडी आली की येतं, उन्हाळ्यात जातं. आजवर मी ते बघितलेलं नाही. ते बोरूतून बाहेर पडतच नाही, नुसतं बोलतं.

“हाई पाखरू तिनं शे,” ते म्हणाले, म्हणजे जिजीचं. “मनं नही.”

आणि त्यांनी उजवा हात उलटा करून माझ्या पुढ्यात ठेवला.

मी ऐकलं. आधी वारा ऐकू आला, लांबच्या रस्त्यावरचा ट्रक ऐकू आला. मग बोरूच्या आतून, अगदी जवळून, खरखरीत आवाजात कोणीतरी म्हणालं, चक्. थांबून पुन्हा, चक्. मग भांडण उकरून काढल्यासारखं भराभर तीनदा. वटवट्या, असं त्याचं नाव आहे, ते मी नंतर पुस्तकात बघितलं. तो काही लपून बसला नव्हता. दोन वर्षं तो इथेच येत होता आणि आप्पांच्या समोर बसून बोलत होता.

मी त्यांच्या तळहातावर बोटाने मारलं. एक. थांबून एक. मग भराभर तीन.

आप्पांनी डोळे मिटले. ते हात पुढे करून तसेच राहिले, म्हणून मी पुन्हा मारलं, आणि पाखरू बोलत राहिलं तसतसं मारत राहिले. तळहात लूमच्या तेलाने काळा झालेला, चामड्यासारखा. त्याला एवढं हलकं काही कळत असेल का, असं मला वाटलं.

“उना ते,” ते म्हणाले. आलं म्हणाले. मग जरा वेळाने, “तिनं बोट याना पेक्षा हलकं व्हतं.”

मी म्हटलं, असेल. जिजी धाग्यांचं काम करायची, मी खडूचं.

त्यांनी वही काढली. तारीख लिहिली, मोरी लिहिलं, पाखराच्या नावाच्या जागी ‘जिजीनं’ लिहिलं. आवाजाच्या रकान्यात एक ठिपका दिला, जागा सोडली, एक ठिपका दिला, जागा सोडली, आणि तीन ठिपके दिले. पेनात शाई होती.

पलीकडच्या काठावरून बहेन ओरडून विचारत होत्या की मोरीकडे बोरूत काही मिळालं का, किती मिळाले. आप्पांना ते ऐकू आलं नाही. मी त्यांना खुणेने सांगितलं. ते दगडावर उभे राहिले, टोपी सरळ केली आणि एक बोट उंच धरलं. बहेननी लिहून घेतलं, हात हलवला आणि त्या पुढे निघून गेल्या, तरी आप्पा बोट खाली घेत नव्हते.